ब्रूनो गान्त्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन रंगभूमी आणि युरोपीय चित्रपट यांविषयी वाचक जे प्रश्न पाठवतात, त्यांत ब्रूनो गान्त्स यांचे नाव सतत येते आणि बहुतेक वेळा प्रश्नाची सुरुवात 'डाउनफॉल' या चित्रपटातील, बंकरमधल्या हिटलरच्या त्या एका दृश्यापासून होते. त्या दृश्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहेच. परंतु ते दृश्य करण्यापूर्वी या नटाने चाळीस वर्षे रंगमंचावर शब्द घासूनपुसून वापरले होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानावर गेलेली असते. म्हणून नाटकांविषयीची उत्तरे येथे मुद्दाम लांब ठेवली आहेत.

ब्रूनो गान्त्स नेमके कोण होते?

२२ मार्च १९४१ रोजी झ्यूरिकमध्ये जन्मलेले आणि १६ फेब्रुवारी २०१९ रोजी स्वित्झर्लंडमध्येच निधन पावलेले ब्रूनो गान्त्स हे जर्मन भाषेतील रंगभूमीवरचे, त्यांच्या पिढीतील सर्वांत महत्त्वाच्या नटांपैकी एक होते. चित्रपटरसिक त्यांना प्रामुख्याने दोन भूमिकांमुळे ओळखतात: विम वेंडर्स यांच्या १९८७ सालच्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मधला देवदूत डामिएल आणि ओलिव्हर हिर्शबीगेल यांच्या २००४ सालच्या 'डाउनफॉल'मधला हिटलर. एकाच माणसाने देवदूत आणि हिटलर दोन्ही साकारले, याचे आश्चर्य अनेकांना वाटते. ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिले होते, त्यांना ते तितकेसे वाटले नसावे.

आडनावाचा उच्चार 'गांझ' की 'गान्त्स'?

जर्मनमध्ये या आडनावाच्या शेवटी जे अक्षर येते त्याचा उच्चार 'त्स' असा होतो, म्हणून 'गान्त्स' बरोबर. मराठी माणसाला हा ध्वनी अवघड नाही, कारण 'चाक' आणि 'चूल' या शब्दांतला आपला दंत्य 'च' त्याच्या अगदी जवळचा आहे. हिंदी किंवा इंग्रजी मार्गाने आलेला 'गांझ' हा उच्चार रूढ असला तरी टाळावा.

ते जर्मन होते की स्विस?

स्विस. वडील स्विस मेकॅनिक होते आणि आई उत्तर इटलीची. कारकिर्दीचा मोठा भाग जर्मनीत गेला, विशेषतः ब्रेमेन आणि पश्चिम बर्लिन येथे, त्यामुळे त्यांना जर्मन समजण्याची चूक सर्रास होते. झ्यूरिक, बर्लिन आणि व्हेनिस या तीन शहरांत त्यांचे राहणे विभागलेले होते. घरात दोन भाषा, बाहेर बोलीभाषा आणि व्यवसायात तिसरीच प्रमाणभाषा, अशी त्यांची जडणघडण झाली. बोलल्या जाणाऱ्या शब्दाकडे इतक्या सावधपणे पाहणारा नट त्यातूनच घडला, असे मला वाटते.

त्यांनी अभिनयाचे शिक्षण कोठे घेतले?

शालेय शिक्षण पूर्ण होण्याआधीच त्यांनी नट होण्याचे ठरवले आणि झ्यूरिकमधील एका अभिनयशाळेत प्रवेश घेतला. पोटापाण्यासाठी पुस्तकांच्या दुकानात काम केले, रुग्णसेवकाचे शिक्षणही घेतले. १९६० साली त्यांना चित्रपटात पहिली भूमिका मिळाली, पण तिच्यातून पुढे काही निघाले नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस ते जर्मनीत गेले, आधी ग्योटिंगेन येथे छोट्या रंगमंचावर आणि १९६४ पासून ब्रेमेन येथे.

खरे शिक्षण ब्रेमेनमध्ये झाले, असे म्हणायला हरकत नाही. कुर्ट ह्यूब्नर या संचालकाने तेथे तरुण दिग्दर्शकांना मोकळीक दिली होती आणि पेटर झाडेक व पेटर श्टाइन हे दोघेही तेथेच नावारूपाला आले. गान्त्स यांनी पंचविशीच्या आत तेथे हॅम्लेट केला. १९६९ साली श्टाइन यांनी ग्योटे यांचे 'टॉर्क्वाटो टासो' हे नाटक बसवले, त्यात टासो ही मुख्य भूमिका गान्त्स यांची होती. दरबारी आश्रयावर जगणाऱ्या कवीची ही कथा. आपली कला नेमकी कोणासाठी आहे, हा त्या वर्षांतला तरुण कलावंतांचा प्रश्न श्टाइन यांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या पद्यातून उभा केला. या प्रयोगातील मंडळीच पुढे बर्लिनला एकत्र गेली.

'शाउब्यूने' म्हणजे काय आणि तिच्याशी त्यांचा संबंध कोणता?

'शाउब्यूने' ही पश्चिम बर्लिनमधील नाट्यसंस्था. १९७० साली पेटर श्टाइन, गान्त्स, युटा लाम्पे, एडिथ क्लेव्हर आणि इतर सहकाऱ्यांनी तिची नव्याने उभारणी केली. क्रॉइत्सबर्ग भागातील हालेशेस उफर या कालव्याकाठच्या जागेत तिचे प्रयोग होत आणि १९८१ साली ती लेनिनर प्लात्स येथील मोठ्या वास्तूत गेली.

तिचे वेगळेपण कारभारात होते. कोणते नाटक करायचे, कोण कोणती भूमिका करणार, पैसा कसा खर्च करायचा, हे निर्णय संचालकाने एकट्याने न घेता नट, तंत्रज्ञ आणि इतर कर्मचारी यांच्या सभांत चर्चेने घेतले जात. प्रत्येक नाटकाआधी महिनोन्महिने वाचन चाले. त्या काळचा इतिहास, चित्रकला, अर्थकारण यांचा अभ्यास होई आणि मगच नट रंगमंचावर उभे राहत. नव्या पर्वाची सुरुवात ब्रेश्ट यांच्या 'आई' या नाटकाने झाली आणि मुख्य भूमिकेत तेरेझे गीझे ही ज्येष्ठ अभिनेत्री होती. मराठी रंगभूमीवर ब्रेश्ट पुष्कळ झाला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या नाट्यकर्मींना ही कार्यपद्धती फार परकी वाटणार नाही. तिचे टोकाला नेलेले, पगारी आणि नगरशासनाच्या अनुदानावर चाललेले रूप मात्र वेगळे आहे.

शाउब्यूनेतील त्यांच्या कोणत्या भूमिका महत्त्वाच्या मानल्या जातात?

१९७१ सालच्या 'पेअर ग्यून्ट'पासून सुरुवात करावी. इब्सेन यांचे हे नाटक श्टाइन यांनी दोन संध्याकाळींत विभागले आणि पेअरची भूमिका सहा नटांत वाटून दिली, त्यांपैकी एक गान्त्स होते. नायकपण वाटून घेण्याची ही कल्पना संस्थेच्या समतेच्या भूमिकेतून आली होती, पण तिचा कलात्मक लाभही मोठा होता: पेअर हा माणूस आयुष्यभर स्वतःला शोधत फिरतो आणि प्रेक्षकांसमोर तो खरोखरच दरवेळी वेगळा उभा राहत होता.

१९७२ साली जर्मन लेखक क्लाइस्ट यांच्या नाटकातील होम्बुर्गचा राजपुत्र त्यांनी केला. हा राजपुत्र झोपेत चालतो, स्वप्नात विजयी होतो, हुकूम मोडून लढाई जिंकतो आणि मग मृत्युदंडाच्या भीतीने कोसळतो. जागेपणी स्वप्नात असल्यासारखे बोलण्याची जी तऱ्हा गान्त्स यांनी तेथे कमावली, ती मला पंधरा वर्षांनंतरच्या डामिएलमध्ये स्पष्ट ऐकू येते. १९७४ साली क्लाउस मिखाएल ग्र्यूबर यांनी बसवलेल्या युरिपिडीसच्या 'बाखाई'त ते थेब्सचा राजा पेंथेउस होते आणि त्याच दिग्दर्शकाबरोबर १९८२ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा हॅम्लेट केला. तो प्रयोग सुमारे सहा तास चालत असे.

साल्झबुर्गमधला दिव्यांचा वाद काय होता?

१९७२ सालच्या साल्झबुर्ग महोत्सवात टोमास बेर्नहार्ड यांचे 'अज्ञ आणि वेडा' या अर्थाच्या नावाचे नाटक क्लाउस पेमान यांनी बसवले होते. एका गायिकेच्या ड्रेसिंग रूममध्ये आणि नंतर एका उपाहारगृहात ते घडते. गान्त्स त्यात डॉक्टर झाले होते. हा डॉक्टर शवविच्छेदनाची प्रक्रिया अवयवामागून अवयव घेत, न थांबता सांगत राहतो. नाटकाच्या शेवटी रंगमंचावर आणि प्रेक्षागृहात संपूर्ण काळोख व्हावा, अशी लेखक-दिग्दर्शकांची मागणी होती. संपूर्ण काळोखासाठी बाहेर जाण्याच्या दारांवरचे संकटकालीन दिवेही विझवावे लागणार होते आणि अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे पहिल्या प्रयोगात ते विझवले गेले नाहीत. मंडळींनी पुढचा प्रयोग करण्यास नकार दिला आणि नाटक एका प्रयोगानंतर बंद पडले. ज्या समाजाला दोन मिनिटांचा काळोख सोसवत नाही त्याचे माझ्या नाटकावाचून अडत नाही, अशा आशयाची तार बेर्नहार्ड यांनी महोत्सवाला पाठवली होती.

या वादाच्या धुराळ्यात गान्त्स यांचे काम झाकले जाते, म्हणून आवर्जून सांगतो. वैद्यकीय परिभाषेने भरलेले, विरामचिन्हांवाचून वाहणारे ते भाषण केवळ पाठांतराच्या बळावर तरत नाही. त्यातली लय सापडली तरच प्रेक्षक ऐकत राहतो. 'थिएटर होइटं' या जर्मन नाट्यविषयक मासिकाने १९७३ साली त्यांची वर्षातील सर्वोत्कृष्ट नट म्हणून निवड केली.

नाटकात इतके रमलेले असताना ते चित्रपटांकडे कसे वळले?

१९७०च्या दशकाच्या मध्यावर जर्मन चित्रपटांत नवी पिढी उभी राहत होती आणि तिला नाटकी न वाटणारे, तरीही शब्दांवर हुकमत असलेले नट हवे होते. फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेर यांनी क्लाइस्ट यांच्या कथेवर 'मार्क्विझ ऑफ ओ' हा चित्रपट १९७६ साली जर्मन भाषेतच केला. मुख्य भूमिकांसाठी त्यांनी शाउब्यूनेच्या एडिथ क्लेव्हर आणि गान्त्स यांना घेतले. या भूमिकेसाठी गान्त्स यांना जर्मन चित्रपट पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी वेंडर्स यांचा 'द अमेरिकन फ्रेंड' आला. हॅम्बुर्गमध्ये चित्रांच्या चौकटी बनवणारा एक आजारी कारागीर पैशांसाठी खून करण्यास तयार होतो, अशी ती कथा. समोर डेनिस हॉपर होते. गान्त्स नाटकाच्या शिस्तीने, ओळ न ओळ ठरवून येत, तर हॉपर ऐनवेळी सुचेल तसे करत. हे इतके बिनसले की चित्रीकरणस्थळी दोघांची हातघाई झाली, मग दोघे एका रात्रीत पिऊन मित्र झाले, ही हकिकत वेंडर्स यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. चित्रपटात त्या दोघांमधली अस्वस्थ जवळीक दिसते ती अशी मिळालेली आहे.

१९७८ सालच्या 'नाइफ इन द हेड'कडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधेन. पोलिसांच्या छाप्यात डोक्यात गोळी लागलेला हा शास्त्रज्ञ बोलणे आणि चालणे दोन्ही गमावतो आणि अक्षरे नव्याने शिकतो. ज्याची सारी कमाई वाणीवर होती अशा नटाने वाणीच हरवलेला माणूस केला. एकेका शब्दासाठी त्याच्या चेहऱ्यावर जी झटापट चालते, ती पाहताना श्वास रोखला जातो. त्यानंतर १९७९ साली हेर्झोग यांच्या 'नोस्फेराटू'त योनाथान हार्कर, १९८१ साली श्लोन्डॉर्फ यांच्या चित्रपटात यादवीने पेटलेल्या बैरूतमधला वार्ताहर आणि १९८३ साली आलँ तानेर यांच्या चित्रपटात लिस्बनमध्ये जहाजावरून उतरून परत न जाणारा खलाशी, अशा भूमिका झाल्या.

'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये त्यांची भूमिका काय आहे आणि तो चित्रपट कृष्णधवल का आहे?

गान्त्स डामिएल नावाचा देवदूत आहेत. तो आणि त्याचा सोबती कासिएल भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनवर फिरतात, भुयारी रेल्वेत, सार्वजनिक ग्रंथालयात, घराघरांत लोकांच्या मनातले विचार ऐकतात, एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवतात. पण त्यांना वजन नाही, चव नाही, रंग नाही. म्हणूनच देवदूतांना दिसणारे जग कृष्णधवल आहे आणि माणसांना दिसणारे रंगीत. सर्कशीत झुल्यावर कसरती करणाऱ्या मारिऑनच्या प्रेमात पडून डामिएल माणूस होतो, तेव्हा चित्रपटालाही रंग येतो. आपले रक्त कोणत्या रंगाचे हे तो पहिल्यांदा पाहतो, टपरीवर गरम कॉफी घेतो, गारठलेले हात एकमेकांवर चोळतो.

चित्रपटाच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात या नटाला जवळपास काहीच 'करायचे' नाही. त्याने फक्त ऐकायचे आहे. ऐकणे हाच अभिनय, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी ग्रंथालयातले प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावेत. कासिएल झालेले ओटो झान्डर हे शाउब्यूनेतले त्यांचे जुने सहकारी होते, त्यामुळे दोघांच्या शेजारी शेजारी गप्प बसण्यातही वर्षानुवर्षांची ओळख आहे. पेटर हान्टके यांची 'मूल जेव्हा मूल होते' अशा अर्थाच्या ओळीने सुरू होणारी कविता चित्रपटभर येते, तो आवाजही गान्त्स यांचाच. वेंडर्स यांना कान महोत्सवात याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला.

मूळ जर्मन नावाचा अर्थ 'बर्लिनवरचे आकाश' असा आहे. जर्मनमधला 'हिमेल' हा शब्द आकाश आणि स्वर्ग या दोन्हींसाठी वापरतात. मराठीत 'आभाळ' म्हटले तर देवदूत निसटतात आणि 'स्वर्ग' म्हटले तर शहर निसटते.

याचा पुढचा भाग आणि अमेरिकन आवृत्ती यांत ते आहेत का?

१९९३ सालच्या 'फारअवे, सो क्लोज'मध्ये आहेत, पण तेथे कथा कासिएलची आहे. १९९८ सालच्या 'सिटी ऑफ एंजल्स' या अमेरिकन आवृत्तीत ते नाहीत. तेथे निकोलस केज आहेत.

हिटलरच्या भूमिकेची तयारी त्यांनी कशी केली?

मुख्य आधार एका ध्वनिमुद्रणाचा होता. ४ जून १९४२ रोजी फिनलंडचे सेनापती मानेरहाइम यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी हिटलर त्यांना भेटायला गेला असता एका फिनिश ध्वनितंत्रज्ञाने सुमारे अकरा मिनिटांचे खाजगी संभाषण नकळत टिपले. हिटलरचा सभेतला आवाज जगाला पाठ आहे, पण तो साध्या बोलण्यात कसा बोलत असे हे कळण्याचे हे दुर्मीळ साधन आहे. खालच्या पट्टीतला, काहीसा थकलेला, ऑस्ट्रियन वळणाचा तो आवाज गान्त्स यांनी अभ्यासला. शिवाय हिटलरला अखेरच्या काळात कंपवात झाला असावा असे मानले जाते, म्हणून त्यांनी रुग्णालयात जाऊन कंपवाताच्या रुग्णांच्या हालचाली पाहिल्या. पाठीमागे धरलेला, थरथरणारा डावा हात हे त्या निरीक्षणाचे फळ आहे.

चित्रपट योआखिम फेस्ट यांच्या इतिहासावर आणि हिटलरची चिटणीस ट्राउडल युंगे यांच्या आठवणींवर आधारलेला आहे.

ते प्रसिद्ध संतापाचे दृश्य: त्यात ते मूळ जर्मनमध्ये काय बोलतात?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि तो योग्यच आहे, कारण खोट्या सबटायटल्सच्या हजारो विडंबनांमुळे मूळ संवाद जवळजवळ कोणालाच माहीत नाही.

प्रसंग २२ एप्रिल १९४५ चा आहे. बर्लिनला पडलेला वेढा सेनापती श्टाइनर हल्ला करून फोडील, अशी हिटलरची आशा आहे. पुरेसे सैन्यच नसल्याने हल्ला झालाच नाही, असे त्याला सांगितले जाते. तो थरथरत्या हाताने चष्मा काढतो आणि चार वरिष्ठ अधिकाऱ्यांव्यतिरिक्त सर्वांना बाहेर जायला सांगतो. मग स्फोट होतो: सैन्याने विश्वासघात केला, सेनापती भित्रे आहेत, आपली फसवणूक झाली. बाहेर, बंद दारापाशी, इतरांना सारे ऐकू येत असते. ओरडून ओरडून तो खुर्चीत बसतो, आवाज खाली येतो आणि युद्ध हरल्याचे तो पहिल्यांदा उच्चारतो; मात्र बर्लिन सोडण्यापेक्षा स्वतःला गोळी घालीन, असे बजावतो.

विडंबनांत लक्ष ओरडण्याकडे जाते. या दृश्याचा भार माझ्या मते आधीच्या शांततेवर आणि नंतरच्या खचलेल्या स्वरावर आहे. चष्मा काढायला लागणारे ते काही क्षण रंगमंचावर घडलेल्या नटाचे आहेत. खोलीतले सगळे जण आपल्या हाताकडे पाहत आहेत, हे तो जाणतो. सबटायटल्स झाकून, केवळ आवाज ऐकत हे दृश्य एकदा अनुभवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निर्मात्यांनी २०१० साली यांतली बरीच विडंबने यूट्यूबवरून काढायला लावली होती, पण त्यांचा ओघ थांबला नाही.

हिटलरला 'माणूस' म्हणून दाखवल्याबद्दल टीका झाली नाही का?

झाली, आणि ती करणाऱ्यांत खुद्द विम वेंडर्स होते. २००४ साली 'डी त्साइट' या साप्ताहिकात त्यांनी चित्रपटाला निश्चित दृष्टिकोन नसल्याची आणि इतर सर्वांचे मृत्यू दाखवून हिटलरचाच मृत्यू पडद्याआड ठेवल्याची कठोर टीका केली. चित्रपटाच्या रचनेविषयीची ती टीका मला बहुतांशी पटते. नटाच्या कामाला मात्र ती लागू पडत नाही. चिटणिशीशी मायेने बोलणारा आणि त्याच श्वासात जर्मन जनता नष्ट होण्याच्याच लायकीची आहे असे म्हणणारा माणूस गान्त्स यांनी उभा केला. राक्षस दाखवला असता तर प्रेक्षक सुटला असता. येथे त्याला सुटका मिळत नाही.

या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते का?

नाही, नामांकनही नव्हते. 'डाउनफॉल'ला परभाषिक चित्रपटाच्या विभागात नामांकन होते. गान्त्स यांना २०१० साली युरोपीय चित्रपट अकादमीचा आणि २०११ साली लोकार्नो महोत्सवाचा जीवनगौरव मिळाला. २०१० ते २०१३ या काळात अभिनेत्री इरिस बेर्बेन यांच्यासह ते जर्मन चित्रपट अकादमीचे अध्यक्ष होते.

'इफ्लँड अंगठी' काय आहे?

जर्मन भाषेतील रंगभूमीवरचा सर्वांत थोर नट जी अंगठी धारण करतो, ती ही. तिच्यावर आउगुस्ट विल्हेल्म इफ्लँड (१७५९–१८१४) या नटाची प्रतिमा असून भोवती हिरे जडवलेले आहेत. आज ती ऑस्ट्रियन सरकारच्या मालकीची आहे आणि धारकाकडे ती आयुष्यभरासाठी असते. विशेष म्हणजे कोणतीही समिती निवड करत नाही. धारक नट आपल्या पश्चात ती कोणाला द्यायची ते लिहून ठेवतो. १९९६ साली योझेफ माइनराड यांचे निधन झाले तेव्हा त्यांनी गान्त्स यांचे नाव लिहून ठेवल्याचे उघड झाले. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरचे माइनराड हे लाडके नट; त्यांनी त्या रंगमंचाच्या बाहेरचा एक स्विस माणूस निवडला, हे अनेकांना अनपेक्षित होते.

या अंगठीच्या इतिहासात एक करुण प्रकरण आहे. पूर्वीचे एक धारक आल्बर्ट बासरमान यांनी ज्या तिघांना एकामागून एक वारस ठरवले, ते तिघेही त्यांच्या आधी वारले. शेवटी त्यांनी अंगठी तिसऱ्याच्या शवपेटीवर ठेवली. गान्त्स यांच्याही वाट्याला असेच दुःख आले. त्यांच्या मनात गेर्ट फोस यांचे नाव होते, पण फोस २०१४ साली गेले. मग त्यांनी येन्स हार्त्सर यांना निवडले आणि २०१९ पासून अंगठी हार्त्सर यांच्याकडे आली.

काही ठिकाणी त्यांना १९९१ साली अंगठी मिळाल्याचे वाचले. मग १९९६ हे वर्ष चूक आहे का?

दोन्ही वर्षे बरोबर आहेत, अंगठ्या वेगळ्या आहेत. १९९१ साली मिळाली ती हान्स राइनहार्ट अंगठी, म्हणजे स्वित्झर्लंडचा रंगभूमीविषयक मानाचा पुरस्कार. याच संदर्भात आणखी एक प्रश्न येतो: इफ्लँड अंगठी स्त्रियांना का नाही? ती परंपरेने पुरुष नटांकडेच गेली आहे. अभिनेत्रींसाठी ऑस्ट्रियात १९७०च्या दशकाच्या अखेरीस आल्मा झाइडलर अंगठी सुरू करण्यात आली.

एकवीस तासांचा 'फाउस्ट' खरोखर झाला होता का?

झाला होता. हानोव्हर येथील २००० सालच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त पेटर श्टाइन यांनी ग्योटे यांच्या 'फाउस्ट'चे दोन्ही भाग, १२,१११ ओळी, एकही न गाळता सादर केले. मध्यंतरांसह प्रयोग सुमारे एकवीस तासांचा होता. फाउस्टची भूमिका दोघांत विभागली होती: म्हातारा फाउस्ट गान्त्स यांचा, तरुण ख्रिस्टियान निकेल यांचा. नंतर तो बर्लिन आणि व्हिएन्ना येथेही झाला. आपल्याकडे रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकांच्या आठवणी सांगणारी पिढी होती, तिला या वेडाचे मोल सहज कळले असते.

त्यांना किती भाषा येत होत्या? सगळीकडे आवाज त्यांचाच आहे का?

जर्मन, स्विस जर्मन बोली, इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषांत त्यांनी काम केले. २०१२ साली पॅरिसच्या ओदेओन रंगमंदिरात त्यांनी पिंटर यांचे नाटक फ्रेंचमध्ये केले. सिल्व्हिओ सोल्दिनी यांच्या २००० सालच्या 'ब्रेड अँड ट्यूलिप्स'मध्ये ते व्हेनिसमधला आइसलँडचा वेटर आहेत, जो जुन्या महाकाव्यातून शिकल्यासारखी अलंकारिक इटालियन बोलतो. परकेपणामुळे आलेली ती अदब त्यांनी इतक्या प्रेमाने वापरली की इटलीचा सर्वोच्च अभिनय पुरस्कार 'दाविद दी दोनातेल्लो' त्यांना मिळाला.

अपवाद एक आहे आणि तो लक्षात ठेवायला हवा. १९९८ साली कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या थिओ आंगेलोपूलोस यांच्या 'इटर्निटी अँड अ डे'मध्ये मरणासन्न ग्रीक लेखकाची मुख्य भूमिका त्यांची आहे, पण ग्रीक संवादांचा आवाज दुसऱ्याचा आहे. चित्रपट थोर आहे आणि त्यांची चाल, पाठ, कोटातले खांदे सर्व काही बोलते. तरीही मला तो पाहताना दरवेळी काहीतरी हरवल्यासारखे वाटते.

मी जर्मन शिकत आहे. ऐकण्याच्या सरावासाठी त्यांचे कोणते चित्रपट घ्यावेत?

पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. 'विंग्ज ऑफ डिझायर'पासून सुरुवात करावी. तेथले जर्मन स्वच्छ, संथ आणि रंगभूमीवरचे आहे, कविताही पाठ करण्याजोगी आहे. 'मार्क्विझ ऑफ ओ'ची भाषा दोनशे वर्षे जुनी असल्याने मध्यम पातळीनंतर घ्यावी. 'डाउनफॉल'मधले बोलणे ऑस्ट्रियन वळणाचे व घोगरे आहे. आणि २००६ सालचा 'व्हिटुस' किंवा २०१५ सालचा 'हायडी', ज्यांत ते आजोबा आहेत, त्यांत मोठ्या प्रमाणावर स्विस बोली असल्याने काही कळले नाही तर स्वतःला दोष देऊ नये. उत्तर जर्मनीतल्या लोकांनाही तेथे सबटायटल्स लागतात.

हिटलरशी संबंधित आणखी कोणत्या चित्रपटांत ते आहेत?

१९७८ सालच्या 'द बॉइज फ्रॉम ब्राझील'मध्ये ते लॉरेन्स ऑलिव्हिए यांना एका जिवाची हुबेहूब प्रत कशी काढता येते ते समजावणारे प्राध्यापक आहेत. कथेत ती प्रत हिटलरची असते. २००८ सालच्या 'द रीडर'मध्ये ते नाझी गुन्ह्यांच्या खटल्याकडे विद्यार्थ्यांना नेणारे कायद्याचे प्राध्यापक आहेत. टेरेन्स मॅलिक यांच्या 'अ हिडन लाइफ'मध्ये, हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला नकार देणाऱ्या ऑस्ट्रियन शेतकऱ्याला शिक्षा सुनावणारे न्यायाधीश आहेत. शिक्षेपूर्वी तो न्यायाधीश आरोपीशी एकट्याने बोलतो आणि तो निघून गेल्यावर स्वतः त्याच्या खुर्चीत बसून पाहतो. हा चित्रपट गान्त्स यांच्या निधनानंतर, मे २०१९ मध्ये प्रथम दाखवला गेला.

त्यांचे निधन कशाने झाले?

आतड्याच्या कर्करोगाने, झ्यूरिक सरोवराकाठच्या वेडेन्सविल येथील राहत्या घरी, वयाच्या ७७व्या वर्षी. २०१८ सालच्या साल्झबुर्ग महोत्सवात मोत्सार्ट यांच्या 'जादूची बासरी' या ऑपेरात ते निवेदक असणार होते, पण आजाराचे निदान झाल्याने त्यांनी माघार घेतली आणि ती जागा क्लाउस मारिया ब्रान्डाउअर यांनी घेतली. दारूच्या व्यसनातून बाहेर पडल्याचे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले होते. त्यापलीकडे त्यांच्या घरच्या गोष्टींविषयी येथे लिहीत नाही.

त्यांनी दिग्दर्शन केले होते का?

एकदा, ओटो झान्डर यांच्यासह. १९८२ सालच्या 'स्मृती' या अर्थाच्या नावाच्या माहितीपटात दोघांनी कुर्ट बोइस आणि बेर्नहार्ड मिनेटी या वृद्ध नटांना बोलते केले. बोइस बालवयापासून रंगमंचावर होते, नाझी काळात त्यांना देश सोडावा लागला आणि युद्धानंतर ते परतले. पाच वर्षांनी 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये हेच बोइस ग्रंथालयाचे जिने चढताना आणि ओसाड पॉट्सडामर प्लात्सवर हरवलेले बर्लिन शोधताना दिसतात. तेथे त्यांच्यासोबत चालणारा देवदूत कासिएल, म्हणजे झान्डर, काही न बोलता त्यांचे ऐकत असतो.